जुना पत्र्याचा कूलर की सेलमधला प्लास्टिकचा?

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्या घरात दोन प्रश्न निघतात: लेकी कोणत्या दिवशी येणार आणि मधल्या खोलीत कूलर कोणता लावायचा. पहिल्याचं लेकींवर सोडा. दुसऱ्याबद्दल दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. एसी परवडणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. आणि पारा ४४-४५ वर असताना जळगाव-भुसावळच्या कोरड्या हवेत कूलर किती कामाचा असतो, ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही.

खिशात पाच-साडेपाच हजार आहेत असं धरू. तेवढ्यात एकतर डिस्काउंटच्या सेलमधून प्लास्टिकचा नवा कूलर येतो, नाहीतर जुन्या सामानाच्या दुकानातून पत्र्याचा मोठा कूलर येतो आणि वर पैसे उरतात. मी दोन्ही वापरलेत. सध्या खिडकीत पत्र्याचा आहे, त्यामुळे कल कुठे असेल ते कळलंच असेल. तरी प्लास्टिकवाल्याच्या बाजूनं जे बोलायचं ते आधी बोलून घेतो.

तो दिसायला बरा, चाकांवर फिरतो, एकटी बाई या खोलीतून त्या खोलीत नेऊ शकते. आवाज कमी. अंगाला हात लागला तर झटका बसायची भीती फार कमी, आणि रांगतं मूल असलेल्या घरात ही गोष्ट लहान नाही. वीजही कमी खातो. ढोबळ हिशेब असा: जुन्या मोटरीचा पत्र्याचा कूलर २५० वॉटच्या आसपास धरा, प्लास्टिकचा १५० च्या. रोज बारा तास चालला तर एक तीन युनिट घेतो, दुसरा पावणेदोनच्या जवळपास. महिन्याला पस्तीसेक युनिटांचा फरक पडतो. महावितरणच्या बिलात तुम्ही १०० किंवा ३०० च्या पायरीवर लटकत असाल तर हा फरक जाणवेल. किरायानं राहणाऱ्यांना, ज्यांना दोन वर्षांत सामान उचलायचंय त्यांना, मी प्लास्टिकचाच घ्या म्हणेन.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मन उठलं ती.

प्लास्टिकच्या कूलरला मागे पुठ्ठ्याच्या पोळ्यासारखं हनीकोंब पॅड असतं. पॅड म्हणून ते पत्र्याच्या कूलरमधल्या गवतापेक्षा चांगलंच, चांगलं पाणी मिळालं तर दोन-तीन हंगाम सहज निघतात. पण आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, मग कूलरमध्ये बोअरचं ओततात. ते खारं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मेच्या मध्यावर पॅडच्या वरच्या कडेला पांढरा थर धरतो, नखानं खरवडला तर चुन्याच्या पापुद्र्यासारखा निघतो. मग छिद्रं बुजतात, पाणी एकाच अंगानं ओघळतं, अर्धं पॅड कोरडं राहतं आणि कूलर गरम हवा फेकायला लागतो. व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवलं की थोडं सुटतं, पूर्ण नाही.

बरं, नवीन पॅड आणावं म्हटलं तर ते त्या मॉडेलच्याच मापाचं लागतं. दुकानदार म्हणतो सर्व्हिस सेंटरला फोन करा. सर्व्हिस सेंटर तक्रार क्रमांक देतं. क्रमांक देऊन झाला की दोन-चार दिवसांनी कळवतं, ते मॉडेल आता बंद झालंय, पार्ट मागवावा लागेल. बाहेर ४५ अंश, घरात लेकी-नातवंडं, आणि आपण पार्टची वाट बघतोय. तेव्हा डोक्यात उजेड पडला: सेलमध्ये एवढा स्वस्त मिळाला होता तो मॉडेल बंद होणार होतं म्हणूनच. मागच्या वर्षीचा माल काढायचा होता. प्रत्येक सेलमध्ये असंच असतं असं नाही म्हणत, पण घेताना ‘हे यंदाचं मॉडेल आहे का, याचं पॅड आणि पंप आत्ता देता का’ एवढं विचारून बघा. पॅडचा जास्तीचा जोड कूलरबरोबरच मिळत असेल तर माझी अर्धी तक्रार मिटली.

पत्र्याच्या कूलरला मॉडेलच नसतं. गवत खारं झालं, काढून फेका. तिन्ही बाजूंचं नवीन गवत कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं, दरवर्षी बदलायचंच असतं. पंप गेला तर दोन-तीनशेत दुसरा, कोणत्याही कंपनीचा बसतो. मोटर जळाली तर गल्लीतला रिवाइंडिंगवाला संध्याकाळपर्यंत देतो. आवाज मात्र आहे, पहिल्या दोन रात्री झोप लागत नाही.

जुना माल कुठे? जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या भंगार बाजारात आणि जुन्या फर्निचरच्या दुकानांत. पण माझं मत विचाराल तर भुसावळला चक्कर मारा. रेल्वेचं विभागीय मुख्यालय, आयुध निर्माणी, शेजारी दीपनगरचं वीज केंद्र, म्हणजे बदल्यांचं गाव. बदली झालेला माणूस ट्रकमध्ये फ्रिज चढवतो, कूलर इथंच टाकून जातो. त्यातले बरेच कूलर एका घरात नीट वापरलेले असतात. पावसाळा लागला की दुकानदाराला जागा अडते. अडीच-तीन हजारांत मला तरी चांगला माल दिसलाय. एप्रिलमध्ये तोच माल वर जातो.

बघताना रंगावर जाऊ नका, ताजा रंग असेल तर उलट जास्त बघा. टाकीच्या तळाच्या चारही कोपऱ्यांत अंगठा दाबा. पत्रा आत जात असेल तर गंज आरपार गेलाय. तळाला डांबर मारलेलं असेल तर विचारा का मारलं. काही जण गंजू नये म्हणून आधीच मारतात, काही जण छिद्र झाकायला. पंखा बंद असताना पातं हातानं मागेपुढे हलवा, खडखडलं तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती बांगडी, गेलाय. मग पाणी ओतून पंधरा मिनिटं चालवायला सांगा. दुकानदार नको म्हणाला तर पुढच्या दुकानात.

आणि करंट. यात काटकसर नको. पत्र्याचं अंग, ओली फरशी, अनवाणी पाय. उन्हाळ्यात अशा अपघातांच्या बातम्या येतच असतात. घरी आणल्यावर वायर आणि तीन पिनांचा प्लग नवीन लावा, घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवा. हा खर्च धरूनही जुना कूलर सेलवाल्याच्या खालीच राहतो, निदान माझा राहिला. पाणी भरताना बटण नव्हे, प्लगच काढायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. हे मात्र प्लास्टिकच्यालाही लागू.

भावाचं म्हणाल तर दुकानदार साडेतीन सांगेल. ‘पंप गेलाय, तीनशे कमी करा’ म्हणा. बहुतेक वेळा तो खरंच गेलेला असतो.