सदाशिव पेठेतली फळावाली अभ्यासिका

सदाशिव पेठेत अभ्यासिकांना तोटा नाही, पण सगळ्या एमपीएससीवाल्यांच्या सोयीने चालतात. पेनाचं टोपण पडलं तरी चार माना वळतात. आम्हा डीएडवाल्यांचं, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांचं, बोलल्याशिवाय भागत नाही. पाठाचं टाचण कितीही सुबक लिहा, पाठ तोंडाने घेऊन बघावाच लागतो. इथल्या काकांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाकून फळा लावलाय, संध्याकाळी 5 ते 7 मोठ्याने बोलायची मुभा. महिन्याचे 1200 रुपये मी त्या फळ्याचेच देते.

खालचा हॉल ठीक. उजेड चांगला, खुर्च्या बसक्या, पाण्याचा फिल्टर लहरी. कपाटात निव्वळ गाईडं. 'किशोर'चे जुने अंक तरी ठेवा म्हटलं, तर काका हसले.

खरी मजा आली ती सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. 1 सप्टेंबर 2025 ला कोर्टाने सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. तेव्हापासून शाळा सुटल्यावर झेडपीच्या बाई, सर इथे येऊन बसतात. आधी नुसती चिडचिड होती, आणि मला ती पटतेही. वीस वर्षं पहिली-दुसरी सांभाळलेल्या माणसाला पर्याय ए, बी, सी, डी कशाला? पण आमच्या वर्गात 'एकदा नोकरीची ऑर्डर हातात पडू दे, पुस्तकं माळ्यावर' असं उघड बोलणारी मुलं आहेत. त्यांनी एकदा इथे येऊन बसावं.

टीईटीत 150 पैकी 30 प्रश्न बालमानसशास्त्राचे, म्हणून हे बाई-सर आमच्याकडून पियाजे, म्हणजे मुलांचा विचार कसा वाढतो ते सांगणारा मानसशास्त्रज्ञ, समजून घेतात. बदल्यात आमच्या पाठाला तिसरीतली मुलं होऊन बसतात. मैत्रीण हातच्याची वजाबाकी घेत होती. मागून एका बाईंनी हात वर केला, "बाई, दशकाकडून एक घेतला, तो परत कधी द्यायचा?" मैत्रीण गप्प. बाईंनी पर्समधून रबर लावलेला काड्यांचा गठ्ठा काढला, रबर सोडलं, दहा काड्या टेबलावर पसरल्या. "घेतलं कुणाकडून काहीच नाही गं. आपलाच गठ्ठा सुटलाय." हा प्रश्न त्यांना वर्गातल्याच एका पोराने विचारला होता. असे प्रश्न टिपायची त्यांची वेगळी वही आहे, आणि ती त्या कुणाला घरी नेऊ देत नाहीत.

पावसाळ्यात गच्ची बंद, फी मात्र तेवढीच. यावर काका बोलत नाहीत. शांतता हवी असेल तर दुसरीकडे जा. डीएडवाल्यांनी पाचच्या आधी पोचावं, फळा पहिल्या येणाऱ्याला मिळतो. खडू स्वतःचा आणा.