शरदासाठी एकच जॅकेट: मोलस्किन, कॉर्डरॉय, लोकर की मेणकापड?

शरदाचा नवा माल लागला की स्वतंत्र दुकानातल्या पुरुषांच्या रांगेत चार प्रकार हमखास शेजारी शेजारी टांगलेले दिसतात. मोलस्किनचं कामगारी जॅकेट, ज्याला सगळे चोअर जॅकेट म्हणतात. कॉर्डरॉयचं ओव्हरशर्ट, म्हणजे आतल्या शर्टावर जॅकेटसारखा घालायचा शर्ट. लोकरीचं ओव्हरशर्ट. आणि मेण दिलेल्या सुती कापडाचं, म्हणजे वॅक्स्ड कॉटनचं जॅकेट. गर्द निळा, तपकिरी, शेवाळी असे रंगही एकमेकांत मिसळून जाणारे. चारही घालून पाहिली तर आरशात चारही छान दिसतात, आणि माणूस अर्धा तास तिथेच अडकतो.

यातलं एकच घ्यायचं असेल त्याच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी लोकरीचं ओव्हरशर्ट घ्यावं. पण रोज पावसात पायी हिंडणाऱ्याने ते घेऊ नये, आणि कपड्याची निगा राखायला ज्याला अजिबात वेळ नाही त्यानेही नाही. त्या दोघांसाठी बाकीच्या रांगेत चांगली उत्तरं आहेत.

या ऋतूची अडचण वेगळी आहे. हिवाळ्यात जाड कोट चढवला की काम झालं. शरदात सकाळी गारठा, दुपारी ऊन आणि संध्याकाळी पुन्हा बोचरा वारा. जे जॅकेट दुपारी काढून हातावर घ्यावं लागतं ते चार दिवसांनी खुर्चीच्या पाठीवर राहतं आणि मग कपाटात जातं. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारतो: हे तिन्ही वेळा अंगावर राहील का?

लोकर इथे पुढे जाते, आणि त्याचं कारण तंतूतच आहे. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओलावा धरून ठेवते, सुती कापड साधारण ८ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. इतका ओलावा पोटात असूनही लोकर हाताला कोरडी लागते. शिवाय ओलावा शोषताना ती थोडी उष्णता सोडते, त्यामुळे कोरड्या खोलीतून दमट गारठ्यात पाऊल टाकलं की तेवढा क्षण ती सांभाळून घेते. दुपारी अंगाला घाम आला तर तो आत साचून राहत नाही, हळूहळू बाहेर जातो. अस्तर नसलेलं, मध्यम वजनाचं लोकरीचं ओव्हरशर्ट दिवसभर अंगावर राहू शकतं ते यामुळे. पुढे थंडी वाढली की तेच कोटाच्या आत जातं, म्हणजे त्याचा उपयोग शरदापुरता संपत नाही.

छातीवर झाकणाचे खिसे असलेली त्याची जी ठेवण आज सगळीकडे दिसते, ती अमेरिकी नौदलातल्या चीफ पेटी ऑफिसरांच्या लोकरी शर्टावरून आली आहे. म्हणून अनेक दुकानांत त्याला सीपीओ शर्ट म्हणतात. जहाजाच्या डेकवर वारा खात काम करायचं आणि तोच शर्ट घालून आत येऊन बसायचं, अशा दिनक्रमाचा तो कपडा. आपली गरजही फार वेगळी नाही.

टोचण्याचं मात्र बघावं लागतं. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो. ३० मायक्रॉनच्या पुढचे जाड तंतू कातडीला टोचतात. ओव्हरशर्ट आतल्या शर्टावर घालायचं असल्याने अंगाला लागतात त्या दोनच जागा, मान आणि मनगट. कॉलरची आतली बाजू मानेवर दोन मिनिटं घासून बघा. जाणत्या शिलाईत कॉलरच्या आत सुती पट्टी लावलेली असते. ती दिसली की मला बनवणाऱ्याबद्दल आदर वाटतो, कारण बाहेरून कुणाला न दिसणाऱ्या गोष्टीवर त्याने कापड आणि वेळ घातलेला असतो.

मग आतलं लेबल वाचा. ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन असेल तर नाक मुरडू नका, नायलॉनमुळे कोपर आणि काठ जास्त टिकतात. अर्ध्याहून जास्त पॉलिएस्टर असेल तर मात्र वर सांगितलेले लोकरीचे गुण तुमच्या वाट्याला अर्धेमुर्धेच येतील, मग ते घेण्यात अर्थ नाही. हल्ली पुनर्वापर केलेली लोकर खूप दिसते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडातल्या बॅटली गावात १८१३ साली बेंजामिन लॉ यांनी लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढलं, आणि इटलीतलं प्राटो शहर पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यावर नावारूपाला आलं. कापड चांगलं होतं, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतूंच्या गोळ्या लवकर धरतात. बगलेत आणि बॅगेचा पट्टा घासतो तिथे आधी. दुकानातच कापडावर अंगठा वीसेक वेळा जोरात घासा. लव उठून गुंता व्हायला लागला, तर महिन्याभरात तिथे गोळ्या दिसतील.

मोलस्किन हे नाव चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याच्या मऊ कातडीवरून पडलं, पण कापड शंभर टक्के सुती असतं. आडवे धागे इतके दाबून बसवलेले असतात की वारा सहज आरपार जात नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कामगार घालत आले ते निळं जॅकेट, ब्ल्यू द त्राव्हाय, बऱ्याचदा याच कापडाचं किंवा ड्रिल नावाच्या जाड सुती कापडाचं असे. मोठे शिवलेले खिसे, सरळ काट, अस्तर नाही. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम (मृत्यू २०१६) रस्त्यावरच्या लोकांची फॅशन टिपत वर्षानुवर्षं सायकलवर फिरले ते असंच निळं जॅकेट घालून.

टिकाऊपणात या चौघांत मोलस्किनला तोड नाही. नवं असताना ते पुठ्ठ्यासारखं ताठ लागतं आणि अनेकजण तिथेच परत टांगून ठेवतात. घाई करू नका. दहाबारा धुण्यांनंतर ते कोपराला आणि खांद्याला तुमच्या सवयीप्रमाणे वळतं, शिवणींच्या कडेने निळा फिकट होत जातो. माझ्या जॅकेटच्या उजव्या खिशाची वरची कड जवळजवळ आभाळी झाली आहे, कारण हात सतत तिथेच जातो. डावी अजून गर्द आहे. मशीनमध्ये टाका, वाळत घाला, इस्त्री नको. निगेला वेळ नसलेल्याने डोळे मिटून हेच घ्यावं. फक्त कापड आधी आटवलेलं आहे का ते विचारा. मी एकदा न विचारता घेतलं आणि पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या. उणं एवढंच की थंडी वाढली की सुती कापडाची ऊब अपुरी पडते आणि आत स्वेटर लागतो.

कॉर्डरॉयवर माझं प्रेम आहे, तरी एकच घ्यायचं तर ते शेवटून दुसरं. त्याच्या उभ्या रेघांना वेल म्हणतात, आणि एका इंचात किती रेघा हा त्याचा आकडा. ८ वेल म्हणजे रुंद आणि जाड, ११ मधलं, १६च्या पुढे बारीक, जवळजवळ शर्टाच्या कापडासारखं. जाड वेल उबदार असतो, कारण उभ्या लवेत हवा अडकून राहते. पण हेच कापड पावसात स्पंजासारखं भिजतं आणि वाळता वाळत नाही. बैठं काम असेल, घरातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत असा दिवस असेल, तर मात्र कॉर्डरॉयइतकी मायेची गोष्ट नाही. त्याचा तपकिरी रंग दुपारच्या उन्हात जसा उजळतो तसा दुसऱ्या कुठल्याच कापडाचा उजळत नाही.

घेताना एक खूण बघा. पुढच्या भागावर हात वरून खाली फिरवा, मग खालून वर. एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने खरखरीत लागेल, आणि रंगही बदललेला दिसेल. लव वरच्या दिशेने ठेवून बेतलं तर रंग गडद दिसतो. आता हेच बाही आणि पाठीवर करून बघा. दिशा जुळत नसेल तर बेतणाऱ्याने कापड वाचवायला तुकडे उलटे लावलेत, आणि उजेडात बाही एका रंगाची, अंग दुसऱ्या रंगाचं दिसेल. हा दोष नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. कोपरावरची लव कालांतराने झडते हेही धरून चाला. मला ते आवडतं, काहींना जुनाट वाटतं.

मेणकापडाच्या जॅकेटची गोष्ट जहाजांच्या शिडांपासून सुरू होते. शिडाच्या कापडाला जवसाचं तेल चोपडून खलाशी त्याचेच अंगरखे करत. पण तेल थंडीत ताठ व्हायचं आणि काळानुसार पिवळं पडायचं, म्हणून विसाव्या शतकात मेणाने त्याची जागा घेतली. इंग्लंडातल्या साउथ शील्ड्स बंदरात १८९४ साली सुरू झालेल्या बार्बर या कंपनीचं नाव या कपड्याशी कायमचं जोडलं गेलं. त्यांचं १९८३ सालचं ब्यूफर्ट हे जॅकेट आजही बाकीच्यांसाठी नमुना आहे: कॉर्डरॉयची कॉलर, चौकड्याचं अस्तर, मागे शिकारीचा मोठा खिसा.

पाऊस आणि वारा यांत हे इतर तिघांच्या फार पुढे आहे. पायी किंवा सायकलने रोज जाणाऱ्याने दुसरं काही बघूच नये. पण मला पहिलं मेणाचं जॅकेट विकणाऱ्याने ते उबदार असल्याचं सांगितलं होतं, आणि ते खरं नाही. अस्तर पातळ सुती असतं. वारा अडतो म्हणून बरं वाटतं इतकंच, ऊब आतल्या स्वेटरने आणायची. हवा खेळत नसल्याने भर दुपारी ते अंगावर नकोसं होतं. नव्या मेणाचा डाग गाडीच्या फिक्या सीटवर किंवा फिक्या स्कार्फवर उठतो, आणि वासही काही दिवस राहतो.

शिवाय ते कधीही मशीनमध्ये जात नाही. गार पाण्याने आणि स्पंजने पुसायचं, साबण नाही, गरम पाणी नाही. वर्षातून एकदा मेण द्यायचं. डबी गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करायचं, जॅकेट जुन्या कागदांवर पसरायचं, आणि फडक्याने आधी शिवणींवर, मग कोपरांच्या घड्यांवर, मग बाकी अंगावर चोळायचं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा फिरवली की पांढरट थर कापडात उतरतो आणि विटलेला शेवाळी रंग पुन्हा ओला, गर्द दिसायला लागतो. मला त्या कामात मनापासून आनंद मिळतो. ज्याला तो ताप वाटेल त्याने हे जॅकेट घेऊ नये, कारण मेण उडालेल्या घड्यांतून पाणी आत येतं आणि तिथेच कापड आधी फाटतं.

याच रांगेत कधी कधी रजईसारखी टाके घातलेली पातळ जॅकेटंही असतात. हलकी आणि स्वस्त. कोटाखाली घालायला ठीक, पण एकमेव जॅकेट म्हणून नाही.

मापाचं थोडक्यात. खांदा बरोबर बसला पाहिजे, कारण बाही आखूड करता येते, खांदा हलवणं हे जॅकेट उसवून पुन्हा शिवण्यासारखं आहे. दोन्ही हात समोर घेऊन स्वतःला मिठी मारा. पाठीत ताण आला तर एक माप मोठं. मोलस्किनचा काट मुळातच ढगळ असतो, तिथे मोठं माप घेऊ नका. लोकर आणि मेणकापड मात्र आत जाड स्वेटर घालूनच मापावं, म्हणून दुकानात जाताना तो घालूनच जा.

लोकर घेतलीत तर एक काम पक्कं करा. हंगाम संपल्यावर ती मळकी ठेवू नका. कसरीच्या अळीला घामाचा अंश लागलेली लोकर सर्वांत प्रिय. आधी स्वच्छ करा, मग बंद पिशवीत ठेवा. देवदाराच्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

आता कधी घ्यायचं. लहान दुकानाचा मालक शरदाचा माल सहाआठ महिने आधी निवडतो. फ्लॉरेन्समध्ये १९७२ पासून भरणारं पित्ती उओमो हे पुरुषांच्या कपड्यांचं प्रदर्शन जानेवारीत पुढच्या शरद-हिवाळ्याचाच माल दाखवतं. त्या वेळी त्याने प्रत्येक मापाचे मोजकेच नग सांगितलेले असतात, आणि संपले की बहुधा पुन्हा येत नाहीत. सेलची वाट बघायला हरकत नाही, पण तेव्हा उरतात ती टोकाची मापं. तुमचं माप मधलं असेल तर हंगामाच्या सुरुवातीलाच जा. आणि त्याला विचारा की कापड कुठल्या गिरणीचं, शिवलं कुठे, गेल्या वर्षी घेतलेल्या गिऱ्हाइकांनी काय सांगितलं. ज्याने माल स्वतः हाताळून निवडला आहे तो यावर भरभरून बोलतो, आणि दोनपैकी कुठलं घ्यावं हे तुमच्या अंगाकडे बघून स्पष्ट सांगतो.

लोकरीचं ठरलं असेल तर पैसे देण्याआधी ते घेऊन दाराशी जा आणि दिवसाच्या उजेडात धरा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली गर्द निळा आणि काळा सारखेच दिसतात.