एंडोस्कोपी सेंटर: डॉक्टर उत्तम, काउंटर काठावर पास

माझी खाणावळ आहे, रोजचे चाळीस डबे. दोन वर्षं रात्री दोनच्या सुमाराला बेंबीच्या वर आग पडायची. दोन बिस्किटं खाल्ली की तासभर शांत. घरच्यांचं निदान ठरलेलं, "टेन्शन घेतेस." मलाही पटायचं, हाताखालच्या बाईच्या दांड्या बघितल्या तर कुणालाही पटेल.

शेवटी भाच्याने स्टेशनजवळच्या या सेंटरला नेलं. पहिली खेप वाया गेली. फोनवर फक्त "उपाशी या" म्हणाले. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ॲसिडिटीची गोळी कधी घेतली? म्हटलं, आज सकाळीच. ती आधी दोन आठवडे बंद हवी, नाहीतर जंतू असूनही तपासणीत सापडत नाही. डबे बुडवून आलेली मी तशीच परत.

दुसऱ्या खेपेला घशात कडू फवारा मारला आणि नळी घातली. उमासे येतात, खोटं कशाला सांगू! पण पाच-सात मिनिटांत काम झालं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर निघाला. जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलीत टाकला. थोड्या वेळाने जेली चक्क राणी कलरची! डॉक्टरांनी ती माझ्यासमोर धरली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो. त्याच्या आडोशाने तो पोटातल्या ॲसिडमध्ये तग धरतो, अस्तराला सूज आणतो, त्यातूनच अल्सर होतो, आणि जेलीचा रंगही त्या अमोनियानेच बदलतो. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन दाखवले, २००५ मध्ये नोबेल मिळालं, हेही तिथेच कळलं.

मग टेन्शनचं काय? डॉक्टर म्हणाले, "टेन्शनमध्ये तुम्ही काय काय खाता-पिता ते सांगा." उपाशीपोटी चहा, जागरण आणि डोकं दुखलं की गोळी. दुखण्याच्या त्या गोळ्या अस्तराचं संरक्षण कमी करतात म्हणे. चहा कमी केला, त्या गोळ्या बंद.

चौदा दिवस अँटिबायोटिक्स. तोंडाला लोखंडाची चव. माझ्यासारख्या स्वयंपाकीणबाईला मीठच कळेना! आमटी मुलगी चाखायची, तरी दोन दिवस डबे खारट गेले.

कोर्स संपल्यावर महिन्याने शौचाची तपासणी, जंतू गेलेला. काउंटरवरून या वेळीही फक्त "सॅम्पल घेऊन या" एवढंच. ॲसिडिटीची गोळी मी आपणहून पंधरा दिवस आधीच बंद केली होती.