रिले किट आणि एलईडी इंडिकेटर: घ्यावं का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळणारं बाइकचं बिनब्रँडचं हेडलाइट रिले किट (स्विचच्या इशाऱ्यावर बल्बला थेट बॅटरीतून करंट देणारा संच) घेण्याजोगं आहे. पण आधी लाइट मंद का, ते बघा. बल्ब चालू ठेवून मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा होल्डरवर अर्धा व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर दोष वायर, स्विच नाहीतर अर्थचा. घट नसेल तर किट लावून काडीचा फरक पडणार नाही.

जोडणी सोपी, रिलेच्या पिनांवर नंबर असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५-८६ ला स्विचची जुनी वायर आणि अर्थ. हाय-लोला वेगवेगळे रिले. किटमधला फ्यूज मात्र रिलेजवळ दिलाय, तो बॅटरीजवळ सरकवा.

सोबतचे एलईडी इंडिकेटर दिसायला झकास, पण जुन्या फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) भराभर लुकलुकतात, कारण १० वॅटच्या बल्बांचा लोडच मिळत नाही. लोड वाढवायला रेझिस्टर लावला तर तो तापतो, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच घाला. बाइकच्या मीटरवर दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरना मिळून एकच दिवा असेल तर चारही इंडिकेटर एकदम पेटतात. त्या दिव्याची एक पिन अर्थला द्या, दुसरीवर डावी-उजवी वायर एकेक डायोडमधून (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) आणा.

नुसता पीळ देऊन टेप मारू नका. गगनबावड्याच्या पावसात तांबं हिरवं पडतं. सोल्डर आणि हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) हवंच.