युनायटेडची टीम नव्याने बांधायची तर तयार खेळाडू घ्यावेत की तरुण पोरं?

१ सप्टेंबर २०२५ ला ट्रान्सफर विंडो (खेळाडू घ्यायची-विकायची मुदत) बंद झाली तेव्हापासून आम्हा मँचेस्टर युनायटेडवाल्या मित्रांमध्ये एकच वाद चालू आहे, गोलकीपर म्हणून २३ वर्षांचा सेने लामेन्स आणला ते बरोबर झालं की वर्ल्ड कप जिंकलेला एमी मार्टिनेझ आणायला हवा होता. मार्टिनेझचं नाव शेवटच्या दिवसापर्यंत जोरात होतं. वरवर बघितलं तर एका जागेचा वाद, पण खरं म्हणजे हाच प्रश्न स्ट्रायकरला आहे, मिडफिल्डला आहे, सगळीकडे आहे. उद्यापासून खेळेल असा तयार माणूस आणायचा की पोरगा आणून घडवायचा? ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडतोय. माझं मत पक्कं आहे आणि तेही सांगणार. हे सगळं सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यातलं आहे, वयं आणि आकडे तेव्हाचेच धरा.

आधी आपण कुठे उभे आहोत ते बघू, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. २०२४-२५ मध्ये आपण प्रीमियर लीगमध्ये १५ वे आलो. ४२ पॉइंट, ३८ पैकी १८ मॅच हरलो, गोल फक्त ४४. १९७३-७४ ला खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो होतो त्यानंतर इतका खराब नंबर कधीच आला नव्हता. ऑक्टोबरमध्ये मॅनेजर टेन हॅग गेला, नोव्हेंबरमध्ये त्याच्या जागी अमोरिम आला आणि त्याने ३-४-३ लावलं (मागे तीन, मधे चार, पुढे तीन), आणि ही टीम त्या पद्धतीसाठी विकत घेतलेलीच नव्हती, त्यामुळे विंगर विंगबॅक झाले, मिडफिल्डर ब्रूनो कधी खाली कधी वर, आणि पुढे स्ट्रायकर होयलुंडचे अख्ख्या सीझनमध्ये लीगचे ४ गोल. मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० ने गेली आणि तिच्याबरोबर यंदा युरोपातल्या स्पर्धांत खेळणंही गेलं. म्हणजे पैसाही कमी येणार आणि मॅचही कमी, आणि मॅच कमी म्हणजे ट्रेनिंगला आठवडाभर मोकळा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तयार खेळाडूंची बाजू. तिचा सगळ्यात मोठा पुरावा आणि सगळ्यात मोठा धोका एकाच माणसात आहे, मिडफिल्डर कासेमिरो. २०२२ ला रियल माद्रिदहून आला तेव्हा ३० वर्षांचा, ६० मिलियन पाउंड आणि वर बोनस. पहिल्या सीझनला आपण तिसरे आलो, लीग कप जिंकला, मिडफिल्डमध्ये कित्येक वर्षांनी कोणीतरी मोठा माणूस उभा आहे असं वाटलं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, मे २०२४, क्रिस्टल पॅलेसकडे आपण ४-० ने हरलो ती मॅच. दुखापतींमुळे त्याला सेंटरबॅक खेळवला होता आणि पहिल्याच गोलला पॅलेसचा ओलिसे त्याच्या बाजूने पळत गेला, कासेमिरो वळेपर्यंत तो पुढे निघूनही गेला होता. तीस पार केलेल्या खेळाडूवर चार वर्षांचा करार केला की हे होणारच, पाय कधी थांबतील ते सांगता येत नाही आणि पगार मात्र थांबत नाही. पोग्बा ८९ मिलियनला आणला आणि करार संपल्यावर एक पैसाही न मिळता गेला, डी मारिया जवळपास ६० ला आणला आणि वर्षभरात पॅरिसला गेला, सांचेझ, वारान, परत आलेला रोनाल्डो. यातल्या प्रत्येकाच्या वेळी मी खूश झालो होतो, आणि आपण पुन्हा वर आलोय असं मनापासून वाटलं होतं.

पण म्हणून तरुण घेतले की सुटलो असंही नाही, आणि हे दुसऱ्या बाजूचे लोक सांगत नाहीत. अँटनी आला तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याला ८० मिलियन पाउंडच्या वर मोजले आणि तीन वर्षांनी स्पेनच्या बेटिसला दिला तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा परत आला. होयलुंड २० वर्षांचा होता, त्याचे ६४ मिलियन आणि वर बोनस, दोन वर्षांत नापोलीला लोनवर. होयलुंडचं मला जास्त वाईट वाटतं. पोरगा पळत होता, भांडत होता, पण बॉक्समध्ये बॉलच यायचा नाही, आणि जुना भरवशाचा स्ट्रायकर शेजारी नव्हता की ज्याच्याकडून शिकेल, गोल आटले की बाकावर बसून श्वास घेईल. २० वर्षांच्या मुलावर ओल्ड ट्रॅफर्डच्या नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जबाबदारी एकट्यावर टाकणं ही क्लबची चूक होती. तरुण घेणं स्वस्त आणि सुरक्षित आहे हे म्हणणं त्यामुळे मला पटत नाही. तरुण खेळाडूला आजूबाजूला चालती टीम लागते, आणि आपल्याकडे तीच नव्हती.

पैशाचं गणित थोडक्यात, कारण यातच लोक गोंधळतात. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत हिशोबात कराराच्या वर्षांत वाटली जाते, जास्तीत जास्त पाच. यंदा घेतलेला कुन्हा ६२.५ मिलियनला पाच वर्षांवर आला म्हणजे वर्षाला साडेबारा. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ च्या नियमात तीन वर्षांत १०५ मिलियनच्या वर तोटा चालत नाही. उलट ॲकॅडमीतून आलेला पोरगा विकला की सगळी रक्कम निव्वळ नफा, म्हणून मॅकटॉमिने गेला, म्हणून गार्नाचो चेल्सीला ४० मिलियनला गेला. मॅकटॉमिने गेला आणि पहिल्याच वर्षी नापोलीला लीग जिंकून देऊन इटलीचा बेस्ट प्लेअर ठरला, ते बघताना अभिमान वाटला आणि पोटात तुटलंही. म्हणजे पोरं घडवा म्हणणाऱ्यांनी हेही धरून चालावं की घडलेलं पोरगंच पहिल्यांदा विकलं जातं. तयार पण वय झालेल्या खेळाडूत उलटं नुकसान, तो विकलाच जात नाही. कासेमिरो आता ३३ चा आहे, त्याच्यासाठी मोठी रक्कम घेऊन कोण येणार?

वेळेच्या बाबतीत दोन क्लबकडे बघा, दोन्ही आपले जुने वैरी आहेत पण शिकायचं तर शिकायचं. आर्टेटा डिसेंबर २०१९ ला आर्सेनलचा मॅनेजर झाला, मग लीगमध्ये आठवा, पुन्हा आठवा, पाचवा, मग लागोपाठ तीन वर्षं दुसरा. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी सहा जण घेतले, सगळे २३ किंवा त्याहून लहान, ओडेगार्ड आणि बेन व्हाईट त्यातलेच, आणि सीझनच्या पहिल्या तीन मॅच हरून एकही गोल न करता टेबलच्या तळाला होते. तेव्हा आर्टेटाला काढला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. तरुणांचा रस्ता धरायचा तर हा असा ऑगस्ट गिळायची तयारी पाहिजे, आणि आत्ताच १५ वे आलेल्या क्लबच्या फॅन्सकडे ती आहे का हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

लिव्हरपूलचा रस्ता वेगळा होता आणि माझ्या मते लोकांनी तो नीट बघितलाच नाही. मॅनेजर क्लॉप ऑक्टोबर २०१५ ला आला, त्या वर्षी आठवा नंबर आणि युरोपा लीगच्या फायनलमध्ये हार, आपल्यासारखंच. मग खरेदी बघा आणि वयं बघा: माने २४, सालाह २५, व्हॅन डाइक २६, ॲलिसन २५. यात कोणी कोवळं पोर नाही आणि कोणी उतरतीला लागलेलं मोठं नावही नाही. माने आणि व्हॅन डाइक तर साउदम्प्टनचे, म्हणजे याच लीगमध्ये, याच पावसात आणि याच धक्काबुक्कीत खेळून दाखवलेले. गोलकीपर आणि सेंटरबॅकवर मोठा पैसा लावला, कुटीन्होला विकून आलेल्या रकमेचा आधार होता, आणि २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला ३० वर्षांनी लीग. पाच वर्षं लागली, पण मधल्या प्रत्येक वर्षी टीम पुढे सरकताना दिसत होती, आणि फॅन म्हणून मला तेवढं दिसलं तरी पुरे.

म्हणून यंदाच्या आपल्या खरेदीकडे बघताना मला कुन्हा आणि एम्ब्युमो सगळ्यात पटतात. आले तेव्हा कुन्हा २६, एम्ब्युमो २५, दोघांनी याच लीगमध्ये गेल्या सीझनला अनुक्रमे १५ आणि २० गोल केलेत, तेही वुल्व्ह्ज आणि ब्रेंटफर्डकडून. दोघं मिळून ३५ आणि आपली अख्खी टीम ४४, एवढं पुरेसं आहे. नवा स्ट्रायकर शेस्को २२ चा आहे, त्याला होयलुंडसारखं एकटं टाकू नका, पहिले काही महिने उतरवून, बसवून, कुन्हाच्या आडोशाने खेळवा.

गोलकीपरच्या वादात मात्र मी लामेन्सच्या बाजूने आहे, जरी पहिल्याच लीग मॅचला आर्सेनलचा तो कॉर्नर बघताना जीव वर आला होता. बॉल गोलच्या तोंडावर वळत आला, गर्दीत आपल्या गोलकीपरचा, बायिंदिरचा, हात नीट लागलाच नाही आणि कालाफिओरीने रेषेजवळून डोकं लावलं, १-०. मग ग्रिम्सबीकडे, चौथ्या डिव्हिजनच्या टीमकडे, ओनाना गोलमध्ये असताना २-२ आणि पेनल्टीवर १२-११ ने बाहेर. ते बघून कोणीही म्हणेल की आणा मार्टिनेझ, आणि तसं म्हणणाऱ्याला मी चूक ठरवणार नाही, या सीझनपुरतं बघायचं तर तोच जास्त खात्रीचा. पण तो ३३ चा, लामेन्स १८ मिलियनच्या आसपास आणि गोलकीपरचं वय तिशीनंतर फुलतं, म्हणजे हा पोरगा लागला तर दहा वर्षं ती जागा बघायला नको. शिवाय यंदा युरोप नाही, आठवड्याला एकच मॅच, शिकवायला वेळ आहे. म्हणूनच तो मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं.

जिथे तयार माणूस हवाच होता तिथे आपण कोणालाच घेतलं नाही, मिडफिल्ड. याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन जणांच्या मिडफिल्डमध्ये ३३ वर्षांचा कासेमिरो आणि ३० चा ब्रूनो, समोरच्याने तिसरा माणूस आणला की मधे मोकळं मैदान. आणि आपल्याच ॲकॅडमीचा मिडफिल्डर मैनू बाकावर बसून आहे, पहिल्या तीन लीग मॅचमध्ये एकही स्टार्ट नाही. ऑक्टोबर १९३७ पासून आपल्या प्रत्येक मॅचच्या स्क्वाडमध्ये ॲकॅडमीचा किमान एक खेळाडू राहिलाय. तो नुसता बाकावर बसून ही परंपरा चालली तर मला ती नको आहे.

तुम्हाला ठरवायला मदत म्हणून मी एकच मॅच पुन्हा बघा म्हणेन, १७ एप्रिल २०२५, युरोपा लीगमध्ये ल्योनविरुद्धची. २-० पुढे होतो, २-२ झालं, एक्स्ट्रा टाइममध्ये दहा जणांच्या ल्योनने ४-२ केलं आणि लोक स्टेडियममधून बाहेर पडायला लागले. ११४ व्या मिनिटाला कासेमिरोला पाडलं, पेनल्टी, ब्रूनोने गोल मारला. १२० व्या मिनिटाला बॉल बॉक्सच्या कडेला कासेमिरोकडे, त्याने घाई केली नाही, मैनूला दिला, मैनूने एक पाऊल घेऊन वळवला आणि बॉल वरच्या कोपऱ्यात. दोन दिवसांनी २० चा होणार होता तो. पुढच्याच मिनिटाला पुन्हा कासेमिरोचा क्रॉस आणि मग्वायरचं डोकं, ५-४. रात्री उशिरा घरचे झोपलेले असताना तोंडावर उशी धरून ओरडलो होतो.

ज्यांना यंदाच पहिल्या चारात यायचंय त्यांनी तयारवाल्यांच्या बाजूने जावं, ज्यांना तीन-चार वर्षं दम आहे त्यांनी तरुणांच्या. मी २४ ते २६ च्या बाजूने आहे, लीगमध्ये खेळून दाखवलेले, आणि त्यांच्या शेजारी आपली पोरं. जानेवारीत एकच खरेदी होणार असेल तर ती सहा नंबरची, म्हणजे डिफेन्सच्या पुढे खेळणाऱ्या मिडफिल्डरची करा, बॉल हिसकावून लगेच पुढे देणारा, दोन सीझन तरी पूर्ण खेळलेला, आणि तो आल्या दिवशी त्याच्या बाजूला मैनूचं नाव लिहा.