ड्रायडनचा व्हर्जिल (लंडन, 1697): कविता अव्वल, चित्रं जुनी

इंग्रज कवी जॉन ड्रायडनने इंग्रजीत आणलेला रोमन कवी व्हर्जिल प्रकाशक जेकब टॉन्सनने फोलिओ, म्हणजे मोठ्या पानांच्या आकारात काढला. सतराव्या शतकाच्या अखेरीस कवितेचा व्यवहार कसा चालायचा, ते या एका पुस्तकात नीट दिसतं. प्रत मूळ असो वा स्कॅन, आधी वर्गणीदारांच्या, म्हणजे छपाईआधीच पैसे भरणाऱ्यांच्या याद्या उघडा.

वरच्या वर्गाची वर्गणी प्रत्येकी 5 गिनी (सोन्याची नाणी): 3 आगाऊ, 2 पुस्तक हाती आल्यावर. बदल्यात एका पूर्णपानी चित्रावर वर्गणीदाराचं नाव आणि कुलचिन्ह. दुसऱ्या वर्गाला 2 गिनी आणि यादीत नुसतं नाव. कवी मिल्टनला 1667 साली ‘पॅराडाइज लॉस्ट’ या अख्ख्या महाकाव्यासाठी रोख 5 पौंड मिळाले होते, म्हणजे कवीच्या बाजूने ही झेप मोठीच. मात्र काळ खोट्या आणि कडा कातरलेल्या नाण्यांचा होता. गिनी 1695 मध्ये चांदीच्या 30 शिलिंगांवर चढली आणि वर्षभरात 22 वर उतरली, त्यामुळे पैसे कोणत्या नाण्यात घ्यायचे यावरून ड्रायडन आणि टॉन्सनची पत्रांतून खडाजंगी झाली.

चित्रं ही खरी उणी बाजू. सगळी 101 चित्रं आधीचा अनुवादक जॉन ओगिल्बीच्या 1654 च्या व्हर्जिलमधली, चित्रकार फ्रान्सिस क्लाइनच्या रेखाटनांवरची. टॉन्सनने त्याच तांब्याच्या पत्र्यांवर नावं आणि चिन्हं बदलून घेतली. व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक इनिअस, त्याचं नाकही इंग्लंडचा तेव्हाचा प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम याच्यासारखं बाकदार केलं! पुस्तक राजाला अर्पण व्हावं ही टॉन्सनची इच्छा होती. कॅथलिक ड्रायडन बधला नाही, त्याने तीन भाग तीन उमरावांना अर्पण केले. तांब्याचा पत्रा वापराने झिजतो आणि बारीक रेघा आधी जातात, म्हणून छपाईचा कस सावलीच्या भागात बघावा.

प्रत पूर्ण आहे का, हे तपासताना एक चूक हमखास होते. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो जुळला की मजकूर सलग आहे एवढंच कळतं. चित्रं वेगळ्या यंत्रावर, सुट्या कागदांवर छापून बांधणीत घातली जात, त्यामुळे एखादं गळालं तरी हे शब्द जुळतातच. चित्रं एकेक करून मोजावीच लागतात.

कविता मात्र आजही खणखणीत वाजते. दोन-दोन यमकबद्ध ओळींच्या चालीत ड्रायडन मधेच तिसरी ओळ जोडतो, बऱ्याचदा ती 12 अक्षरावयवांची (सिलॅबल्सची) असते, आणि तिघींना उजवीकडे महिरपी कंस घातलेला असतो. नुसता मजकूर उतरवलेल्या डिजिटल प्रतींत हा कंस अनेकदा गळतो आणि ती लांब ओळ चुकलेली वाटते. म्हणून पानाची प्रतिमा दिसेल अशीच प्रत निवडा, समासही कापलेला नको.

पहिल्या आवृत्तीत छपाईच्या चुका बऱ्याच आहेत. नुसतं वाचायचं असेल तर 1698 ची सुधारलेली दुसरी आवृत्ती घ्यावी. ‘जॉर्जिक्स’ या व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्याआधीचा निनावी निबंध जोसेफ ॲडिसनचा आहे, तो वगळू नका.