घरच्या कॉम्प्युटरची अपडेट्स: आपोआप, आठवडाभर थांबून, की एकदम बंद?

घरच्या कॉम्प्युटरचं अपडेट म्हटलं की आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधे सरळ दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते जे येतंय ते येऊ दे, आपण कशाला हात लावा, आणि दुसरी म्हणते दुकानवाल्याकडून अपडेट कायमचं बंद करून आणलंय, मशीन एकदम मक्खन चालतंय. मधला रस्ताही आहे हे फार कमी जणांना माहिती असतं, आणि मला विचाराल तर बऱ्याच घरांना तोच बरा पडतो. म्हणून हे तिन्ही समोरासमोर ठेवून लिहितोय, मुख्यतः विंडोज धरून, कारण घराघरात तेच आहे. ज्यांचं मशीन जुनं आहे त्यांचा प्रश्नच वेगळा, त्यांच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलंय.

आधी येतं काय ते बघू, कारण सगळ्याला आपण अपडेटच म्हणतो पण ते एक नसतं. महिन्याचं जे सिक्युरिटीचं अपडेट असतं ते मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे आपल्याला ते बुधवारी सकाळी दिसतं. वर्षातून एकदा मोठं व्हर्जन येतं, २४एच२, २५एच२ वगैरे नावाचं. महिन्याच्या शेवटी शेवटी एक ऑप्शनल प्रिव्ह्यू येतो, तो घरच्या मशिनवर घ्यायची काहीएक गरज नसते, त्यातलं सगळं पुढच्या महिन्याच्या अपडेटमधे येतंच. आणि चौथं म्हणजे ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारा प्रोग्राम) आणि बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम), ब्रँडेड लॅपटॉपला हेसुद्धा विंडोज अपडेटमधूनच येऊ शकतं आणि लोकांना कळतही नाही की आत्ता बायोस बदलला. या चारही गोष्टींना एकच नियम लावला की गोंधळ होतो.

आता पहिला पर्याय, सगळं आपोआप. ज्या घरात कॉम्प्युटर म्हणजे लाइट बिल, मुलांचा प्रोजेक्ट, यूट्यूब आणि बँकेचं लॉगिन एवढंच आहे तिथे मी हेच सांगतो, विशेषतः आई-वडील एकटे राहत असतील आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात असतील तर नक्कीच, कारण तिथे अपडेट लक्षात ठेवून करणारं कोणी नसतं. फक्त एक सेटिंग बघून द्या, ॲक्टिव्ह अवर्स. या तासांमधे विंडोज स्वतःहून रिस्टार्ट करत नाही आणि ते १८ तासांपर्यंत वाढवता येतात, म्हणजे सकाळी ७ ते रात्री १ ठेवलं तरी चालतं. तिथेच एक बटण असतं, अपडेट आलं रे आलं की लगेच द्या अशा अर्थाचं, ते ऑफच असू दे.

पण आपोआप म्हणजे खरंच आपोआप होतं का, तर बऱ्याच घरांत होत नाही. लॅपटॉप उघडला, अर्धा तास काम केलं, झाकण लावलं, कपाटात ठेवला, असं महिनाभर चालतं आणि मग एक दिवस उघडल्यावर मशीन रडतखडत चालतं कारण मागे साठलेलं सगळं एकदम डाउनलोड व्हायला लागतं. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की अपडेट आल्यावर मशीन एकूण निदान ६ तास आणि त्यातले २ तास सलग इंटरनेटला जोडलेलं असावं लागतं, नाहीतर ते धड पूर्ण होत नाही. त्यामुळे त्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावून, वायफाय चालू ठेवून, स्लीप बंद करून तसाच सोडा. एवढं केलं तरी अर्धी कटकट मिटते.

दुसरा पर्याय थांबून घ्यायचा, आणि तो अशा लोकांसाठी आहे ज्यांचं पोट त्या मशिनवर आहे. माझा एक मित्र गिरगावात डीटीपी करतो, कोरल, श्रीलिपी, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, प्रेसवाला सकाळी दहाला फाइल मागतो. त्याच्याकडे बुधवारी सकाळी मशीन चालू केलं आणि निळ्या स्क्रीनवर गोल फिरत बसलंय, ३० टक्के, बंद करू नका, असं झालं की तिकडे मुलीचे वडील खुर्चीत आणि इकडे प्रेसचा फोन. त्याने अपडेट बंद नाही केलं, त्याने दिवस ठरवला. दुसऱ्या मंगळवारच्या आधी सेटिंग्जमधे जाऊन अपडेट पॉज करतो, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी, हातात काम नसताना, स्वतः रिझ्यूम करून सगळं घेतो, दोनदा रिस्टार्ट करतो, प्रिंटर चालतोय का बघतो आणि मगच उठतो. विंडोज होममधे, म्हणजे घरच्या साध्या आवृत्तीत, हा पॉज जास्तीत जास्त ५ आठवड्यांचा असतो, तो संपला की आधी सगळं घ्यावं लागतं मगच परत पॉज मिळतो. प्रो ही वरची आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमधून महिन्याचं अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठं व्हर्जन ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं, दर महिन्याला आठवण ठेवायला लागत नाही. पण नुसतं याच्यासाठी होमचं प्रो करायला पैसे घालू नका.

थांबण्यात अर्थ का आहे ते २०१८ मधे दिसलं. विंडोज १० चं ऑक्टोबरचं मोठं अपडेट, १८०९, २ ऑक्टोबरला आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच उडाल्या. चार-पाच दिवसांत मायक्रोसॉफ्टने ते मागे घेतलं आणि नीट करून नोव्हेंबरमधे पुन्हा सोडलं. ज्यांनी आठवडाभर हात लावला नाही त्यांना हे फक्त बातमीत वाचायला मिळालं.

आणि तिसऱ्या पर्यायाला, म्हणजे एकदम बंद ठेवण्याला, माझा विरोध का आहे तेही तारखांवरूनच कळेल. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, लोकांच्या फाइली लॉक करून पैसे मागत. ज्या भोकातून तो आत शिरत होता ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी! पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्याने पसरायला जे मार्ग वापरले त्यात हेच भोक होतं, आणि तो थेट आपल्या दारात पोचला, जेएनपीटीमधलं, म्हणजे न्हावा शेवाच्या बंदरातलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प होऊन बाहेर कंटेनरच्या गाड्या अडकल्या. नॉटपेट्याने अपडेट केलेली मशिन्सही पासवर्ड चोरून पकडली, त्यामुळे अपडेट म्हणजे कवच असं मी म्हणणार नाही, पण उघडं दार तर नको ना.

या दोन्ही उदाहरणांमधला काळ बघा. वाईट अपडेट चार-पाच दिवसांत उघडं पडलं आणि न घेतलेल्या अपडेटचा फटका दोन महिन्यांनी बसला. म्हणून मी सात ते दहा दिवस थांबा म्हणतो. अर्थात हेसुद्धा फुकट नाही, काही भोकं अशी असतात की अपडेट यायच्या आधीपासूनच चोर ती वापरत असतात, बातम्यांमधे तसं आलं तर त्या महिन्यात थांबू नका, त्याच रात्री घ्या. आणि क्रोम, एज, फायरफॉक्स यांचं अपडेट एक दिवससुद्धा अडवायचं नाही. ते विंडोजपेक्षा वेगळं चालतं, दोन मिनिटांत होतं आणि बँकेची साइट आपण त्याच्यातूनच उघडतो.

बंद करून देणारे नेमकं काय करतात तेही माहिती असू दे. विंडोज अपडेटची सर्व्हिस डिसेबल करतात, ती विंडोज स्वतःच परत चालू करू बघतं, मग त्याच्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) आणखी काहीतरी ठोकतात किंवा कुठलंतरी फुकटचं टूल टाकतात, ज्याच्यात काय आहे देव जाणे. या सगळ्यात डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, व्हायरसची यादी, जी एरवी रोज ताजी होत असते, तीही मुख्यतः त्याच वाटेने येते, ती अडखळते. म्हणजे दार उघडं आणि वॉचमनपण घरी पाठवला. इंटरनेटला कधीच न जोडलेलं एखादं मशीन असेल, नुसतं प्लॉटर किंवा जुनं स्कॅनर चालवणारं, तर बंद ठेवा, तेवढ्यालाच माझी हरकत नाही.

लोक बंद करायला का जातात तेही समजून घ्यायला हवं, बहुतेक वेळा कारण डेटा असतो. ज्यांच्याकडे केबलवाल्याचं ब्रॉडबँड नाही आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं त्यांचा दिवसाचा दोन जीबीचा पॅक सकाळी दहाच्या आत संपतो. त्याला उपाय आहे, त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन मीटर्ड कनेक्शन ऑन करा, मग विंडोज बहुतेक डाउनलोड विचारल्याशिवाय करत नाही. महिन्यातून एकदा कुणाच्यातरी घरी जाऊन, त्यांना विचारून, वायफायवर घ्या.

लाइटचं म्हणाल तर मुंबईत आपण सुखी आहोत, पण १२ ऑक्टोबर २०२० सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबई बंद पडली होती, लोकल उभ्या राहिल्या, ते विसरायला नको. पावसाळ्यात मीटर रूममधे पाणी आलं की सोसायटी स्वतःच मेन पाडते. साधं अपडेट अर्ध्यात तुटलं तर विंडोज सहसा मागे फिरतं, बदल रद्द करतोय असं दाखवतं आणि पूर्वीसारखं चालू होतं. बायोसचं तसं नाही, तो अर्ध्यात गेला तर मदरबोर्डवरच बेतू शकतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर धो धो पाऊस चालू असताना बायोसला हात लावू नका, लॅपटॉपला बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असा दोन्ही हवा.

आणखी एक, कृपा करून हे आजच करा. नव्या बऱ्याच लॅपटॉपमधे डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूप लावलेली, असते, आपल्याला न सांगताच, आणि बायोस बदलला किंवा एखादं अपडेट तसं निघालं की चालू होताना निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागते. ती मिळाली नाही तर फोटो गेले, कुठलाही दुकानवाला ते काढून देऊ शकत नाही. ती की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सेव्ह असते, पण ते अकाउंट दुकानात सेटअप करताना दुसऱ्याच्याच ईमेलने उघडलेलं असू शकतं, असे लॅपटॉप मी स्वतः बघितलेत. दुसऱ्या मशिनवरून लॉगिन करून की दिसते का बघा, कागदावर लिहा आणि आधार-पॅनच्या फाइलीत ठेवा. फोटोंची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर पाहिजेच, तिन्ही पर्यायांत.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे त्रास कमी आहे, सिक्युरिटीचं चालू ठेवून मोठं व्हर्जन तेवढं स्वतःच्या हातात ठेवता येतं, आणि सप्टेंबरच्या आसपास नवीन आलं की एक-दोन महिने थांबलं तरी चालतं कारण ॲपल सर्वसाधारणपणे मागच्या दोन व्हर्जनना सिक्युरिटी देत राहतं. फक्त इंटेलचा मॅक असेल तर टाहो हे त्याचं शेवटचं व्हर्जन आहे, आणि तेही सगळ्या इंटेल मॅकना मिळत नाही.

आता जुनं मशीन, विंडोज १० वालं, आणि याच्यावर जास्त बोलायचंय कारण लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात नेलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही. इथे तीन वाटा आहेत. पहिली, ईएसयू, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट्स. विंडोज १० चं २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट पाहिजे, सेटिंग्ज सिंक केली तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. ही वाट विचार करायला वेळ देते एवढंच, पण तो वेळ घ्यावा.

दुसरी, विंडोज ११. टीपीएम २.० (मशीनमधली सिक्युरिटीची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघा, आणि त्याने टीपीएम नाही म्हटलं तर लगेच हार मानू नका, कित्येक मशिनमधे ते असतं पण बायोसमधे ऑफ असतं, इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम नावाने शोधा. मशीन या अटींत बसत असेल तर डोळे झाकून इकडेच जा. बसत नसेल आणि कोणी म्हणालं बायपास करून टाकून देतो, तर नको. मायक्रोसॉफ्ट साफ सांगतं की अशा मशिनला अपडेट मिळण्याची खात्री नाही, म्हणजे ज्याच्यासाठी बदललं तेच हातात येणार नाही.

तिसरी वाट लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची वेगळी सिस्टिम, आणि जुन्या चौथ्या-सहाव्या जनरेशनच्या मशिनला, ४ जीबी रॅम असेल तरी, मला हीच आवडते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, फुकट. अपडेट मॅनेजर काय काय आलंय त्याची यादी दाखवतो, तुम्ही हो म्हटलं तरच घेतो, तुमच्या डोक्यावर बसून रिस्टार्ट करत नाही, आणि टाइमशिफ्ट (सिस्टिमची कॉपी ठेवणारा त्यातला प्रोग्राम) आधी सेट करून ठेवलं असेल तर काही बिघडल्यावर कालच्या सिस्टिमवर परत जाता येतं. विंडोजमधे आपण पॉज करून करून जे मिळवतो ते इथे मुळातच असतं. याच्या उलट बाजूही आहे, कोणी हो म्हटलंच नाही तर अपडेट होतच नाही, म्हणून आई-बाबांच्या मशिनवर टाकलंत तर त्यातलं आपोआपचं सेटिंग स्वतः चालू करून द्या. मराठी युनिकोड टायपिंग चालतं, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही. चालत नाही ते म्हणजे कोरल, फोटोशॉप, टॅली असलं काम, त्या गिरगावच्या मित्राला मी मिंट कधीच सुचवणार नाही. दुकानाचं रिटर्न डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलने भरत असाल तर आधी तो डोंगल चालतो का ते बघा.

बघायला इन्स्टॉल करावं लागत नाही. पेन ड्राइव्हवर मिंट टाकून त्याच्यावरून मशीन चालू करा, हार्डडिस्कला धक्का लागत नाही. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर पान काढतोय का, बँकेची साइट उघडतेय का, व्हॉट्सॲप वेब चालतंय का एवढं बघा, आणि घरात जो सगळ्यात जास्त वापरतो त्यालाच बसवा, तुम्ही नका बसू. त्याचं काम अडलं तर पेन ड्राइव्ह काढायचा, विंडोज १० ला ईएसयू लावायचं आणि नव्या मशिनसाठी पैसे बाजूला टाकायला लागायचं.